यादीतून काढलेला चिमटा

"या यादीतल्या पाच जणांपैकी जिवंत किती आहेत हो?"

प्रश्न विचारून झाल्यावर भिंगरीच्या लक्षात आलं, की आपला माइक खरोखरच चालू आहे. स्क्रीनवर अकरा चौकोन होते आणि अकरा चौकोनांत अकरा मोठी माणसं. एकाने चहाचा कप ओठांपर्यंत नेला होता, तो तिथेच थांबला. आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने पलंगाआड दबा धरून बसलेल्या तिच्या दोन मैत्रिणींनी एकाच उशीत तोंडं खुपसली.

पैज त्यांचीच होती. मैत्रिणी म्हणजे एक वकीलबाई, जिच्याशी वाद घालून वर्गात कुणी जिंकलेलं नव्हतं, आणि दुसरी मुंगी, जी दिसायला एवढीशी पण खायला पुढे. "आमच्यापुढे तोंडाचा पट्टा चालवतेस," वकीलबाई म्हणाली होती, "हिंमत असेल तर त्या लोकांना विचार." भिंगरीला हिंमतीवरून कुणी काही म्हटलं की संपलंच. गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. मग एकदा वक्तृत्वाच्या स्पर्धेत बदली म्हणून ढकलली गेली, बोलली, लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि तेव्हापासून जे तोंड उघडलं ते आई म्हणते तसं फक्त जेवताना आणि झोपताना मिटतं. जेवतानाचंही खरं नाही.

तर प्रकरण असं होतं. भिंगरीचे बाबा चष्मे बनवायचे. कोपऱ्यावरचं छोटंसं दुकान, काचेच्या कपाटात फ्रेमा, मागे काच घासायचं यंत्र. दुकानाची वेबसाइट करून द्यायची, असं भिंगरीने परस्पर ठरवून टाकलं. त्यासाठी एक फुकट मिळणारं फ्रेमवर्क तिला सापडलं. फ्रेमवर्क म्हणजे घराचा तयार सांगाडाच म्हणा ना: भिंती, दारं, जिने सगळं आयतं. रंग, अक्षरं, बटणांची गोलाई हा नट्टापट्टा मात्र ज्याचा त्याने करायचा. तो सोपा व्हावा म्हणून निरनिराळ्या लोकांनी स्टायलिंगच्या लायब्ऱ्या, म्हणजे सजावटीच्या तयार कोडचे संच, लिहून ठेवलेले. त्या फ्रेमवर्कच्या डॉक्युमेंटेशनमध्ये, म्हणजे ते कसं वापरायचं हे सांगणाऱ्या पानांत, 'सजावटीसाठी' असं एक पान होतं आणि पानावर पाच नावं: शेवाळ, डबा, चिमटा, पिसारा, टवटवी. यांपैकी काहीही वापरा, असं खाली लिहिलेलं.

भिंगरीने पहिलं नाव उचललं. शेवाळ. दोन दिवस डोकं फोडलं. सगळी बटणं एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसली, आणि 'आमचा पत्ता' ही ओळ चष्म्याच्या चित्रात घुसली. तिसऱ्या दिवशी कळलं, की शेवाळ लिहिणाऱ्याने तीन वर्षांपूर्वीच जाहीर केलं होतं: आता मी हे सांभाळत नाही, कृपया वापरू नका. मग यादीत कशाला ठेवलंय? तिचा नुसता जळफळाट झाला.

ते डॉक्युमेंटेशन सांभाळणारे लोक दर शनिवारी दुपारी ऑनलाइन जमायचे. कुणीही यावं, ऐकावं, बोलावं. तिथेच तिने तो प्रश्न टाकला होता.

ज्यांचा कप अधांतरी राहिला होता, त्या काकांनी तो खाली ठेवला. तेच त्या पानांचे मुख्य राखणदार. केस पिकलेले, आवाज दुपारच्या झोपेतून उठल्यासारखा. "तीन वर्षांत हे कुणी विचारलं नाही," ते म्हणाले. "किती जिवंत आहेत ते मला माहीत नाही. तू शोधशील?"

"मी?"

"प्रश्न तुझा ना?"

उशीतून मुंगीचा हुंकार आला. भिंगरीने तिला पायाने ढकललं आणि म्हणाली, "हो! शोधते की!"

"छान. आमच्याकडे एक रीत आहे तेवढी पाळ. कुठलंही नाव काढण्याआधी ते लिहिणाऱ्याला पत्र टाकायचं, आणि पंधरा दिवस थांबायचं. उत्तर आलं नाही, किंवा 'काढा' असं आलं, तर बदल सुचवायचा. आपल्यापैकी आणखी एकाने तो पाहिला, की पान बदलतं."

"पंधरा दिवस?" भिंगरीला पंधरा मिनिटं थांबणं म्हणजे शिक्षा.

"लोक प्रवासात असतात, आजारी असतात," काका म्हणाले. "कधीकधी नुसते शहाणे असतात आणि रोज पत्रं उघडत नाहीत."

रविवारी सकाळी भिंगरीने तक्ता केला. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात शेवटचा बदल कधी झाला ती तारीख. सरळ हिशेब होता. दोन वर्षांत हात लागला नसेल तर मेलेली, लागला असेल तर जिवंत. शेवाळ तीन वर्षं गप्प. डबा साडेतीन. चिमटा पूर्ण चार. टवटवी दहा दिवसांपूर्वी, आणि पिसारा तर कालच! पिसाऱ्याच्या नोंदीत आठवड्याला दोन-तीन बदल दिसत होते. याला म्हणतात संसार, भिंगरीला वाटलं. तिने तिघा गप्प बसलेल्यांना पत्रं लिहिली, सुबक आणि नम्र, 'आपली विश्वासू' वगैरे लिहून.

डब्याच्या माणसाचं उत्तर तासाभरात आलं: 'बाप रे, ते अजून आहे? काढा, काढा.' शेवाळवाला गप्प. चिमटा गप्प.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी वकीलबाईने विचारलं, "काय गं, झालं का तुझं साफसफाईचं काम?" गुरुवारी शाळेत संगणकाच्या बाईंनी विचारलं. गुरुवारी संध्याकाळी भिंगरीला राहवेना. चार वर्षांत जो हलला नाही तो अकरा दिवसांत काय हलणार? तिने तिन्ही नावं खोडली, तक्ता जोडला, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'दोन वर्षांहून जास्त काळ न सांभाळलेल्या लायब्ऱ्या काढल्या. लेखकांना पत्रं पाठवली आहेत.'

यात खोटं एक अक्षर नव्हतं. पत्रं पाठवलीच होती. किती दिवस झाले, हे तेवढं लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या कुणीतरी पाहिलं, तक्ता नीटनेटका, रीत पाळल्यासारखी दिसतेय, म्हणून मान्य करून टाकलं. शुक्रवारी सकाळी पान बदललं. सगळ्यांत वर आता पिसारा. आणि अगदी तळाला, हातभार लावणाऱ्यांच्या ओळीत, भिंगरीचं नाव!

घरात तिने अशी आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, कुणी पडलं का. बाबांनी ते पान छापून आणलं आणि दुकानात गल्ल्यामागे चिकटवलं. नंबर तपासायला आलेलं गिऱ्हाईक हनुवटी टेकवून यंत्रासमोर बसलं, की बाबा म्हणायचे, "हलू नका. आता भिंतीवरचं ते वाचा बरं. शेवटची ओळ. दिसतंय? माझी मुलगी." ज्याला दिसायचं नाही त्याला ते वाचून दाखवायचे. बाईंनीही मुख्याध्यापकांना सांगितलं, आणि ठरलं, की पुढच्या आठवड्यानंतरच्या सोमवारी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेपुढे भिंगरीचं नाव वाचायचं. बाबांनी मामालाही बोलावून ठेवलं. मामा म्हणजे टाळ्या सुरू करायला हमखास माणूस.

मधल्या काळात दुकानाची वेबसाइट भिंगरीने पिसारा वापरून उभी केली. जिवंत लायब्ररी, मग काय! दिसायलाही झोकात होती.

बुधवारी शाळा सुटल्यावर ती दुकानात गेली, तर एक निवृत्त पोस्टमन आजोबा बाबांसमोर फोन धरून बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, आणि फोनमधली अक्षरं वाटाण्याएवढी केलेली.

"तुझी साइट का गं ही?" आजोबा म्हणाले. "आयुष्यभर पत्ते शोधले मी, पण तुझ्या दुकानाचा पत्ता काही सापडेना. अर्धा स्क्रीनच्या बाहेर पळालाय."

भिंगरीने पाहिलं. अक्षरं मोठी केली की ओळी उजवीकडून निसटत होत्या, आणि वेळ ठरवायचं बटण फोन नंबरवर चढून बसलं होतं. चष्म्याच्या दुकानाची वेबसाइट, आणि ज्यांना कमी दिसतं त्यांनाच वाचता येईना! तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, आत्ता दुरुस्त होईल," ती म्हणाली. "लिहिणारे लोक रोज काम करतात." आणि तिथेच स्टुलावर बसून तिने पिसाऱ्याच्या तक्रारींच्या पानावर सगळं सविस्तर लिहिलं, चित्र जोडून.

एका मिनिटात उत्तर आलं: 'कळवल्याबद्दल मनापासून आभार! आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.'

"बघा!" भिंगरी आजोबांना म्हणाली.

"लवकर आलं," आजोबा म्हणाले. "आमच्या खात्यात एवढ्या लवकर फक्त छापील उत्तरं जायची."

ते सहज बोलले, पण भिंगरीच्या डोक्यात किडा वळवळला. घरी जाऊन तिने पिसाऱ्याच्या बाकीच्या तक्रारी उघडल्या. पहिलीला तेच उत्तर: मनापासून आभार. दुसरीला तेच, तिसरीलाही तेच. प्रत्येकीखाली तीस दिवसांनी आणखी एक ओळ: 'काही हालचाल नसल्याने ही तक्रार बंद करत आहोत.' अशा दोनशे चाळीस तक्रारी. मग तिने ते दर आठवड्याचे बदल एकेक करून पाहिले, जे तिने तक्त्यात कौतुकाने मोजले होते. सगळे एकाच सहीचे. ती सही माणसाची नव्हतीच. कुणीतरी कधीकाळी एक स्वयंचलित प्रोग्राम लावून दिला होता. पिसारा ज्या इतर गोष्टींवर उभा होता त्यांचे आकडे पुढे सरकले, की तो इथलेही आकडे पुढे सरकवायचा आणि तारीख टाकायचा. भिंगरी खाली खाली जात राहिली. माणसाच्या हातचा शेवटचा बदल पाच वर्षांपूर्वीचा निघाला.

म्हणजे घरात कुणी राहत नव्हतं. फक्त दिवे वेळेवर लागत होते आणि वेळेवर विझत होते. आणि भिंगरीने त्या घराला यादीत पहिला नंबर दिला होता.

शुक्रवारी चिमट्याचं पत्र आलं. भिंगरीच्या पत्राला त्या दिवशी बारावा दिवस होता.

'प्रिय मुली,' पत्रात होतं, 'मी एका वाचनालयात काम करते आणि ही पत्रं फक्त शुक्रवारी उघडते. मागच्या शुक्रवारी आम्ही पुस्तकं मोजत होतो, म्हणून तेही राहिलं. तू विचारलंस, चिमटा अजून सांभाळता का. सांभाळते. चार वर्षांत हात लावला नाही, कारण लावण्यासारखं काही उरलं नाही. तो एकच काम करतो: अक्षरं कितीही मोठी केली तरी ओळ स्क्रीनबाहेर जाऊ देत नाही. आमच्याकडे कमी दिसणारे वाचक येतात, त्यांच्यासाठी लिहिला होता. चूक दाखवलीस तर त्याच आठवड्यात दुरुस्त करीन. आजवर तीन जणांनी दाखवल्या, तिन्ही केल्या. आता पाहते तर यादीत आमचं नाव नाही. दुसऱ्या वाचनालयातले लोक त्या यादीतूनच माझ्यापर्यंत यायचे. या आठवड्यात दोघांनी फोन करून विचारलं, तुम्ही ते बंद केलंत का. नाव गेलं म्हणजे बाई गेली, असंच लोक समजतात. काही नियम बदलला असेल तर कळव, म्हणजे मी त्यांना तसं सांगेन.'

रागाचा एक शब्द नव्हता. तेच जास्त लागलं. दोन शिव्या असत्या, तर भिंगरीने तिथल्या तिथे चार उत्तरं दिली असती.

तिने गपचूप चिमटा उतरवून घेतला आणि दुकानाच्या साइटला लावला. दहा मिनिटांचं काम. अक्षरं वाटाण्याएवढी केली, लिंबाएवढी केली. पत्ता जागच्या जागी.

शनिवारी दुपारी मैत्रिणी आल्या. भिंगरीने सगळं सांगितलं. मुंगीने बिस्किटांचा पुडा फोडला, कारण तिला विचार करताना काहीतरी लागतं, आणि विचार नसला तरी लागतं.

"यात एवढं काय?" वकीलबाई म्हणाली. "चिमटा परत टाक यादीत. कारणाच्या रकान्यात लिही, 'किरकोळ सुधारणा'. कोण बघतंय?"

"किरकोळ नाहीये पण ती."

"अगं, पण खोटंही नाही. सुधारणाच आहे ना?"

"मागच्या वेळीही खोटं नव्हतंच," भिंगरी म्हणाली. "पत्रं पाठवली आहेत, असं लिहिलं होतं मी. त्या दुसऱ्या माणसाने विश्वास ठेवला."

"हे बघ," वकीलबाईने बोट उगारलं, "खरं कारण लिहिलंस, तर ते म्हणतील, हिने रीत मोडली. मग तो अख्खा बदल मागे घेतील. तुझं नाव तळातून जाणार. सोमवारी शाळेत काय वाचणार, कप्पाळ? तुझे मामा येणारेत!"

"मामा कशालाही टाळ्या वाजवतात," मुंगी भरल्या तोंडाने म्हणाली. "माझ्या पडलेल्या दातालाही वाजवल्या होत्या."

तिघी हसल्या, पण भिंगरीचं हसू अर्ध्यावरच राहिलं. त्या गेल्यावरही ती कारणाच्या रिकाम्या रकान्याकडे पाहत बसली. 'किरकोळ सुधारणा' असं टाइप केलं, पुसलं. पुन्हा केलं, पुन्हा पुसलं.

रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात डबे पुसत होती. आई इस्पितळात औषधांच्या विभागात कामाला. औषधं कपाटात लावायची, मुदत संपलेली बाजूला काढायची, हे तिचं रोजचं. भिंगरी कट्ट्यावर चढून बसली.

"आई, तुमच्याकडे कधी चुकीचं औषध काढून टाकलंय कुणी? म्हणजे चांगलं असलेलं?"

"मीच टाकलंय," आई म्हणाली. "नवीन होते. एक पाकीट होतं, धूळ बसलेलं. महिनोन्‌महिने कुणी मागितलं नव्हतं. मला वाटलं जुनं, तारीख न बघताच खोक्यात टाकलं. ज्याचा खप नाही ते आणि ज्याची मुदत संपली ते, यांत फरक असतो, हे तेव्हा कळायचं होतं मला. वर्षातून दोनदा लागायचं ते औषध. पण ज्याला लागायचं त्याला तेच लागायचं."

"मग?"

"मग काय, दुपारी एक माणूस चिठ्ठी घेऊन आला. धावत जाऊन खोक्यातून काढलं. नशीब, खोकं अजून खालीच होतं."

"आणि परत ठेवून दिलंस? गपचूप?"

"गपचूप कसं ठेवणार? वहीत लिहावं लागतं. 'चुकून काढलं, परत ठेवलं', आणि खाली सही." आईने फडकं झटकलं. "लाज वाटली खूप. वहीतलं ते पान लवकर भरून उलटलं जावं म्हणून आठवडाभर मी मोठ्या अक्षरात लिहीत होते."

भिंगरी खुदकन हसली. मग शेजारच्या डब्याचं झाकण काढू-लावू लागली. इतक्या वेळा, की आईने वळून पाहिलं. "बरं वाटत नाही का गं?"

"बाबा कुठायत?"

"बाहेर. मामाशी फोनवर चाललंय. उद्या कुठला शर्ट घालायचा यावर चर्चा."

भिंगरी कट्ट्यावरून उडी मारून आत गेली. लॅपटॉप उघडला. या वेळी तिने भराभर टाइप केलं नाही. एक वाक्य लिहायची, वाचायची, मग पुढचं. आधी वाचनालयातल्या बाईंना: नियम बदललेला नाही, चूक माझी आहे, तुमचा चिमटा आमच्या दुकानात चालू आहे आणि एक पोस्टमन आजोबा त्याच्यामुळे आमचा पत्ता वाचू शकतात. मग पिसारा लिहिणाऱ्याला, पाच वर्षांपूर्वीच्या त्याच्या पत्त्यावर: तुम्ही अजून सांभाळता का, की फक्त तो प्रोग्रामच सांभाळतोय? मग राखणदार काकांना. ते सगळ्यांत लांब झालं.

पाठवायचं बटण दाबण्याआधी ती उठली आणि बाहेरच्या खोलीत आली. बाबांचा फोन नुकताच संपला होता. आईही फडकं खांद्यावर टाकून दारात येऊन उभी राहिली.

"निळा शर्ट ठरला," बाबा म्हणाले. "मामा पहिल्या रांगेत बसणार आहे."

"बाबा, मामाला सांगा, येऊ नको," भिंगरी म्हणाली. "आई, तूही ऐक. मी माझा बदल मागे घेतेय. चिमट्यापुरता नाही, अख्खा. काढलेली तिन्ही नावं पुन्हा यादीत जाणार. पंधरा दिवस थांबायचं होतं, मी चारच थांबले, आणि लिहिताना ते झाकलं. कारणाच्या रकान्यात मी हेच लिहिणार आहे, असंच, सुधारणा-बिधारणा काही नाही. मग पुन्हा नीट पाहीन. तारीख नाही बघणार, माणूस आहे का ते बघेन, सगळ्यांना विचारेन, पूर्ण पंधरा दिवस थांबेन, आणि जे खरंच गेलेत तेवढेच काढेन. शाळेतल्या बाईंना मी आत्ता फोन करतेय, उद्या माझं नाव वाचू नका म्हणून. आणि बाबा, दुकानातला तो कागद मी स्वतः काढणार आहे, पण ज्या गिऱ्हाइकांना तुम्ही तो वाचून दाखवलाय, त्यांना तुम्ही सांगायचं. तेवढं मला जमणार नाही. फार आहेत ते."